मित्रांसोबत मासिक काढायचंय? आधी सर्फिंगवाल्यांचा हिशोब बघा



छंदातून धंदा कसा उभा करायचा, या आपल्या व्हिडिओत मी सर्फ मासिकांचा उल्लेख दोन मिनिटांत उरकला होता. त्यावर इतके प्रश्न आले की म्हटलं, हे नीट लिहूनच काढू. सर्फिंग म्हणजे समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचं आणि किनाऱ्याकडे घसरत यायचं. आपल्याकडे गोवा, कर्नाटकातलं मुल्की, तामिळनाडूतलं कोवलम इथे हा खेळ चालतो. तुम्ही म्हणाल, सर, आमचं किराणा दुकान, आमचा केटरिंगचा धंदा, आम्हाला या लाटांचं काय? काय आहे, चार मित्र, एक वेड आणि थोडेसे पैसे यातून काय काय होऊ शकतं, याची इतकी स्वच्छ उदाहरणं मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडली नाहीत. चांगलीही आणि बुडालेलीही.

सुरुवात ऑस्ट्रेलियातून करू. ऑक्टोबर १९७०. सिडनीच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर व्हेल बीच नावाचं ठिकाण आहे. तिथून तीन जणांनी 'ट्रॅक्स' नावाचं सर्फिंगचं नियतकालिक काढलं. आल्बी फाल्झन, जॉन विट्झिग आणि डेव्हिड एल्फिक. आता ही तीन नावं एकदा नीट बघा, कारण इथे पहिली गंमत आहे. फाल्झन फोटोग्राफर, 'सर्फिंग वर्ल्ड'साठी फोटो काढणारा. विट्झिग लिहिणारा, 'सर्फ इंटरनॅशनल' या मासिकाचा संपादक राहिलेला. आणि एल्फिक 'गो-सेट' या पॉप संगीताच्या साप्ताहिकातून आलेला, म्हणजे तरुण पोरांना काय विकत घ्यावंसं वाटतं हे जवळून बघितलेला. तिघांचे तीन वेगळे हात. तिघेही फोटोग्राफर असते तर फोटो झकास आले असते आणि बिलं कोणी पाठवली नसती.

माझ्याकडे कार्यशाळेला येणाऱ्या मित्रांच्या टोळ्यांमध्ये मी नेहमी हे पाहतो. चौघेही एकाच कामात हुशार असतात, कारण मैत्रीच त्यातून झालेली असते. चार जणांना रेसिपी येते, वसुली एकालाही येत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. त्या काळातली सर्फ मासिकं म्हणजे गुळगुळीत कागद आणि रंगीत फोटो. 'ट्रॅक्स'वाल्यांनी वर्तमानपत्राचा खरखरीत कागद घेतला आणि वर्तमानपत्रासारख्याच मोठ्या आकारात अंक काढला. स्वस्तात झालं हे तर उघड आहे. पण निव्वळ स्वस्त म्हणून ते खपलं नाही. त्या कागदाला शोभेल असाच मजकूर आत होता. किनाऱ्यावरच्या वाळूतून खनिजं काढण्याच्या विरोधात लिखाण, शहर सोडून खेड्यात राहायला जाण्याबद्दल, खाण्यापिण्याबद्दल, आणि भरपूर टवाळी. पुढे टोनी एडवर्ड्सचं 'कॅप्टन गुडव्हाइब्ज' नावाचं एक वाह्यात डुक्कर त्यात व्यंगचित्रातून अवतरलं आणि गाजलं. आता हाच मजकूर चकचकीत कागदावर छापला असता तर खोटा वाटला असता. कमी भांडवल लपवण्यापेक्षा त्यालाच आपली ओळख करून टाकणं, ही धंद्यातली फार वरच्या दर्जाची अक्कल आहे. आपल्याकडे उलटं चालतं. तीन लाखांचं भांडवल, त्यातलं दीड लाखाचं फर्निचर.

मराठी माणसाला खरं तर हे नवीन नाही. आपल्याकडे १९५० आणि ६० च्या दशकांत 'शब्द', 'असो', 'वाचा' अशी लघुअनियतकालिकं निघाली ती मित्रांनीच काढली. काही तर चक्क सायक्लोस्टाइल केलेली. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी त्यात होती. पण त्यांना धंदा करायचाच नव्हता. पुढचा अंक कधी येईल याची हमी नाही, हे त्यांनी 'अनियतकालिक' या नावातच कबूल केलं होतं. ज्याने वर्षाची वर्गणी आगाऊ घेतली त्याला ही चैन नाही. त्यावर पुढे येतोच.

'ट्रॅक्स'मधून आणखी एक गोष्ट उभी राहिली. फाल्झन आणि एल्फिक यांनी 'मॉर्निंग ऑफ द अर्थ' नावाचा सर्फिंगचा चित्रपट केला. १९७२ मध्ये तो आला. बालीमधल्या उलुवातूच्या लाटांवरचं सर्फिंग पडद्यावर दिसलं ते यातूनच. त्याच्या गाण्यांची रेकॉर्ड इतकी खपली की ऑस्ट्रेलियन चित्रपटाच्या संगीताला पहिल्यांदाच 'गोल्ड' दर्जा मिळाला. मासिक वाचणारा आणि चित्रपट बघणारा गिऱ्हाईक एकच होता, त्याला पुन्हा नव्याने शोधावं लागलं नाही. एल्फिक नंतर मोठा चित्रपट निर्माता झाला, १९७८ चा 'न्यूजफ्रंट' त्याचाच. आणि 'ट्रॅक्स'ने २०२० मध्ये पन्नास वर्षं पूर्ण केली.

मग बाकीची का बुडाली?

आता अमेरिकेत चला. जॉन सेव्हर्सन नावाचा चित्रकार आणि सर्फिंगचे चित्रपट करणारा माणूस. १९६० मध्ये त्याने आपल्या 'सर्फ फीव्हर' या चित्रपटासोबत विकायला एक पुस्तिका काढली, 'द सर्फर'. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी काढलेली ती पुस्तिका पुढे 'सर्फर' मासिक झाली आणि सर्फिंगच्या जगातलं सर्वात वजनदार नाव बनली. १९६४ मध्ये तिला स्पर्धक आलं, तेच पुढे 'सर्फिंग' या नावाने ओळखलं गेलं. पन्नास वर्षं या दोघांची चुरस चालली. 'सर्फिंग' २०१७ मध्ये बंद झालं. 'सर्फर'च्या टीमला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये घरी पाठवण्यात आलं. साठ वर्षांचं दुकान, शटर खाली.

लोक म्हणतात इंटरनेटमुळे. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर या मासिकांचं खरं गिऱ्हाईक कोण होतं ते बघा. अंक घेणारा पोरगा? नाही. खरे पैसे जाहिरातीतून यायचे, आणि जाहिराती द्यायच्या मोजक्या कंपन्या. बोर्ड शॉर्ट्स, वेटसूट, टी-शर्ट विकणाऱ्या. त्यातल्या 'क्विकसिल्व्हर'ने २०१५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१८ मध्ये 'क्विकसिल्व्हर'च्या मालक कंपनीनेच 'बिलाबाँग' विकत घेतली. मासिकवाल्याच्या नजरेतून बघा. काल दोन स्पर्धक होते, एकाने पान घेतलं की दुसरा चिडून दोन पानं घ्यायचा. आज दोघांचा मालक एक, बजेट एक, आणि तेही मोबाइलवरच्या जाहिरातीकडे निघालेलं.

तुमच्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू आहे. एमआयडीसीतल्या दोन कंपन्यांवर चालणारी मेस, एका शाळेच्या गणवेशावर चालणारं कापड दुकान, एका बिल्डरवर चालणारा फॅब्रिकेटर. गिऱ्हाईक मोठं आहे याचा आनंद असतो, पण ते एकटंच आहे हे वहीत कुठे लिहिलेलं नसतं. दिवाळी अंकांचंच घ्या. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण ही परंपरा मिरवतो, आणि ती मिरवण्यासारखी आहेच. आमच्या दुकानात स्टेशनरीबरोबर दरवर्षी दिवाळी अंक असतात. बँक, पतपेढी, साखर कारखाना यांच्या पानांवर किती अंक उभे आहेत हे तुम्ही नुसते चाळले तरी कळतं. ज्या वर्षी ती पानं कमी होतात त्या वर्षी अंक बारीक होतो. कथा तेवढ्याच चांगल्या असतात.

याच्या उलट चाललेला माणूस म्हणजे स्टीव्ह पेझमन. हा 'सर्फर'चाच प्रकाशक, वीसेक वर्षं. जाहिरातीचा खेळ त्याने आतून पूर्ण पाहिलेला. तो बाहेर पडला आणि १९९२ मध्ये पत्नी डेबी यांच्यासोबत कॅलिफोर्नियात 'द सर्फर्स जर्नल' सुरू केलं. जाड चांगला कागद, पुस्तकासारखी बांधणी, किंमत जास्त, जाहिरातदार मुद्दाम मोजकेच. खर्चाचा मुख्य भार वाचकावर. ऐकायला वेडेपणा वाटतो ना? महाग अंक कोण घेणार? पण ज्या माणसाने आयुष्याची तीस वर्षं लाटांवर घालवली आहेत त्याला आपल्या वेडाबद्दलचं चांगलं काहीतरी घरात जपून ठेवायचं असतं. तो अंक रद्दीत जात नाही, कपाटात जातो. अजून चालू आहे ते.

'ट्रॅक्स' स्वस्त कागदावर टिकलं, 'जर्नल' महाग कागदावर. म्हणजे मुद्दा कागदाचा नाहीच. दोघांनाही आपला वाचक नेमका कोण हे माहीत होतं.

आकडे मांडू या

आता वही-पेन घ्या. खालचे आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावातल्या प्रेसचे आकडे तुम्ही टाका.

छपाईत एक खर्च असा असतो जो एक प्रत काढा नाहीतर दहा हजार, तेवढाच येतो. मांडणी, प्लेट, मशीन लावणं. समजा तो ६०,००० रुपये. त्यापुढे प्रत्येक प्रतीला कागद, छपाई, बाइंडिंग मिळून ४५ रुपये. १,००० प्रती छापल्या तर एकूण १,०५,०००, म्हणजे प्रत पडली १०५ रुपयांना. ३,००० छापल्या तर एकूण १,९५,०००, प्रत ६५ रुपयांना. प्रेसवाला तुम्हाला हेच सांगणार, "साहेब, तीन हजार काढा, स्वस्त पडतंय." तो खोटं बोलत नाही. पण विकायचं त्याला नाही, तुम्हाला आहे.

किंमत ठेवली १५० रुपये. ६०० वर्गणीदार मिळाले, त्यांना पाठवायचा खर्च प्रती २५ रुपये, म्हणजे हातात ७५,०००. दुकानांचं आणि वितरकाचं कमिशन मिळून ४० टक्के धरा, म्हणजे दुकानातून विकलेल्या प्रतीचे तुम्हाला ९० रुपये. तीन हजार छापून दुकानातून ५०० खपल्या तर आणखी ४५,०००. एकूण जमा १,२०,०००. खर्च १,९५,०००. तोटा ७५,००० रुपये, आणि घरात १,९०० प्रतींचे गठ्ठे. आई विचारते, हे कधी उचलणार.

आता १,००० च छापल्या. ६०० वर्गणीदारांना, ४०० दुकानांत, त्यातल्या ३०० खपल्या असं धरू. जमा ७५,००० आणि २७,०००, म्हणजे १,०२,०००. खर्च १,०५,०००. तोटा ३,००० रुपये. एक छोटी जाहिरात मिळाली की भरून निघाला. प्रत महाग पडली तरी धंदा वाचला. मासिकं दुकानात बहुतेक परतीच्या अटीवर जातात हे विसरू नका. आमच्यासारखा दुकानदार खपलेल्याचे पैसे देतो आणि उरलेले गठ्ठे बांधून परत करतो, तेही सवडीने. माझं तर स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी दुकानात ठेवूच नका. सर्फ स्कूल, डायव्हिंगवाले, किनाऱ्यावरचे कॅफे, जिथे ते वेडे लोक स्वतःहून येतात तिथे द्या. सेव्हर्सनने पहिली पुस्तिका चित्रपट बघायला आलेल्यांनाच विकली, कारण ते आधीच तिकीट काढून बसलेले होते.

आणि वर्गणीबद्दल. समजा वर्षाला चार अंक, वर्गणी ६०० रुपये. ६०० जणांनी पहिल्याच महिन्यात भरली, खात्यात ३,६०,००० आले. या दिवशी चार मित्रांच्या तोंडावर जो आनंद असतो ना, तो मला सगळ्यात जास्त घाबरवतो. हे पैसे तुमची कमाई नाहीत. हे देणं आहे. यातले फक्त ९०,००० पहिल्या अंकाचे, बाकीचे २,७०,००० पुढच्या तीन अंकांसाठी लोकांनी तुमच्याकडे ठेवलेले. कॅमेऱ्याची नवी लेन्स यातून घेतली की तिसरा अंक गेला. मग फोन उचलणं बंद, मग पेजवर शिव्या. वर्गणीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि एक अंक पोस्टात पडला की तेवढेच पैसे चालू खात्यात घ्या. जिम, क्लासेस, डबेवाले, आगाऊ फी घेणाऱ्या सगळ्यांना हेच.

मालवणहून आलेला मेल

व्हिडिओनंतर मालवणजवळच्या एका तरुणाचा मेल आला. त्याचे तीन मित्र आणि तो, चौघांना समुद्रावरच्या खेळांचं मराठी त्रैमासिक काढायचं आहे. स्कूबा, कयाक, सर्फिंग, किनाऱ्यावरची माणसं. एकाचे तीन लाख, एकाचा कॅमेरा आणि ड्रोन, एक लिहिणार, आणि हा स्वतः पुण्यातली नोकरी सोडून जाहिराती आणणार. त्याने विचारलं होतं, "सर, नोकरी कधी सोडू?" त्याच्या परवानगीने उत्तर इथेच देतो, कारण असे मेल मला दर आठवड्याला येतात, फक्त मासिकाच्या जागी क्लाउड किचन असतं.

भाऊ, नोकरीचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, तुमच्यात कागद झालाय का? तू लिहिलंस, "आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत, कागदाची गरज नाही." भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे आणि त्याला तुमची शाळा माहीत नाही. वेगळा करार नसेल तर तो म्हणतो, नफा सगळ्यांना समान आणि तोटाही समान. म्हणजे तीन लाख घालणारा आणि ड्रोन देणारा एकाच रांगेत. वेगळा करार नसेल तर काम केल्याबद्दल पगार मागायचा हक्कही भागीदाराला नाही. म्हणजे तू नोकरी सोडून बारा तास फिरणार आणि कॅमेरावाला रविवारी येणार, वाटा सारखाच. आणि प्रेसची उधारी थकली तर प्रेसवाला ती पूर्ण रक्कम चौघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याकडेच तो जाणार हे उघड आहे. एलएलपी केली तर ही जबाबदारी बरीच मर्यादित होते, पण वर्षाचा कागदोपत्री खर्च वाढतो.

करारात एक कलम नक्की घाला. एखादा बाहेर पडला तर नाव कोणाचं, फोटो कोणाचे, वर्गणीदारांची यादी कोणाची. सर्फिंगच्या दुनियेत हे झालेलं आहे. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात सॅम मॅकिंटॉश आणि डेरेक रायली यांनी 'स्टॅब' काढलं, पुढे रायली बाहेर पडला आणि २०१४ मध्ये चॅस स्मिथसोबत 'बीचग्रिट' ही वेबसाइट सुरू केली. दोन्ही आज चालू आहेत. सोबतीने सुरू केलेल्या धंद्यातून एक जण जाणं हा काही जगाचा अंत नसतो. पण दरवाजा कुठे आहे हे आत शिरतानाच ठरलेलं बरं.

आता नोकरी. माझा आकडा सरळ आहे. पहिला अंक छापायच्या आधी ३०० लोकांनी खरे पैसे भरलेले असले पाहिजेत. लाइक नाही, "नक्की घेऊ रे" नाही, पैसे. तीनशे नाही जमले तर ज्याचे त्याचे पैसे परत करा, नोकरी तशीच आहे, मैत्री तशीच आहे. जमले तर पहिले दोन अंक नोकरी सांभाळून काढा. त्रैमासिकाला वर्षातून चार धावपळी असतात, रोजची नसते. दुसऱ्या अंकानंतर किती जणांनी स्वतःहून मित्राला वर्गणीदार केलं, तो आकडा घेऊन मला पुन्हा मेल कर.

एक गोष्ट मात्र तुझ्या मेलमध्ये नव्हती आणि ती याच धंद्याची खासियत आहे. सर्फ मासिकांना कायम एक पेच पडलेला असतो. चांगल्या लाटेचा फोटो छापला आणि जागेचं नाव दिलं की पुढच्या हंगामात तिथे गर्दी. मग जुने सर्फर मासिकावरच चिडतात. म्हणून अनेकदा फोटो छापतात आणि जागा सांगतच नाहीत. म्हणजे जो तुमचा सगळ्यात पक्का वाचक, त्याचीच इच्छा असते की तुम्ही सगळं छापू नये. तुमच्याकडेही कोणीतरी कोळी काका एखादी शांत खाडी दाखवतील. ती छापायची की नाही हे चौघांनी पहिल्या अंकाआधी ठरवा आणि त्या काकांना विचारून ठरवा. उद्या बोटी आणि माहिती त्यांच्याकडूनच लागणार आहे.

कायद्याचं थोडक्यात. १८६७ चा जुना प्रेस कायदा आता गेला. त्याच्या जागी प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा २०२३ आला, तो १ मार्च २०२४ पासून लागू आहे. पूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र करायला खेटे घालावे लागायचे, आता 'प्रेस सेवा' पोर्टलवर नाव आणि नोंदणी दोन्हींचा अर्ज ऑनलाइन एकत्रच होतो. आवडलेलं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं असतं, म्हणून दोन-तीन नावं तयार ठेवा आणि मंजुरी येईपर्यंत बोर्ड, टी-शर्ट, लोगो काहीही छापू नका. नोंदणी नसेल तर पोस्टाचे वृत्तपत्रासाठीचे सवलतीचे दर मिळत नाहीत, आणि वर आपण २५ रुपये धरलेला टपालखर्च तुमच्या अंकाच्या वजनाप्रमाणे कुठच्या कुठे जाऊ शकतो. पोस्टात एक डमी अंक घेऊन जा, वजन करून विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

वरचा छपाईचा हिशोब ज्या शीटमध्ये केला ते व्हिडिओच्या खाली दिलं आहे. पिवळ्या रकान्यांत तुमचे आकडे टाका, बाकीचं आपोआप येईल. पुढच्या मंगळवारी भागीदारी कराराचा मसुदा घेऊन बसू, एकेक कलम वाचून. चौघे असाल तर चौघांनी एकत्र बसून बघा.